तीन लाल टिकांची भीती

पत्र

ताई, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यातला. गावात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं लहानसं दुकान आहे. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन मीच. कापसाचा भाव, लाइनचं वेळापत्रक, कोण वारलं, कोणाची म्हैस सुटली, सगळं तिथंच कळते. पण टेक्नॉलॉजीची काही नवीन बातमी आली की ग्रुपवर नुसता गोंधळ. ‘सिम काढलं की व्हॉट्सअ‍ॅप बंद’, ‘फोनमध्ये सरकारी अ‍ॅप टाकणार’, ‘रमी बंद झाली, आता खेळणाऱ्यायले पकडन’. मागच्या महिन्यात तीन लाल टिकांचा मेसेज आला. तीन टिक लाल झाल्या म्हणजे सरकारनं तुमचा मेसेज वाचला अन् कोर्टाचा समन्स येणार. त्याच दिवशी एका पोट्ट्यानं लिवलं होतं की खरेदी केंद्राची तारीख भेटत नाही. त्याच्या बापानं रातोरात ते डिलिट करायले लावलं.

त्याच हप्त्यात एकानं बचत गटाच्या बाईबद्दल घाण लिवलं. ती अन् आणखी एक बाई ग्रुप सोडून गेल्या. माझा काका म्हणतो, ‘ग्रुप तुया नावानं हाय, पोलीस तुलेच उचलन, बंद कर ते.’ मी ऐकलं नाही तर बोलणंच सोडलं. गुरुजी म्हणतात, फक्त अ‍ॅडमिन मेसेज टाकू शकेल असं करून टाक. पोलीस पाटलांनी ठाण्याची नोटीस आणून सही घेतली. मी अ‍ॅडमिन राहू की सोडू?

माझी मुलगी आठवीत आहे. ऑस्ट्रेलियाची बातमी ऐकल्यापासून विचारते, माझं इन्स्टाग्राम पण बंद होईल का? तिला काय सांगू?

— एक अ‍ॅडमिन


उत्तर

भाऊ, नमस्कार.

आधी उत्तर देते, मग कारणं सांगते. अ‍ॅडमिन राहा. ग्रुपला कायमचं कुलूप लावू नका.

सुरुवात मात्र तुमच्यापासून करत नाही, त्या मुलापासून करते. तुमच्या पत्रात त्याला दोनच ओळी मिळाल्या आहेत आणि पत्र वाचून मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. काय लिहिलं होतं त्यानं? २०२५ च्या हंगामात सीसीआयला, म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला, हमीभावानं कापूस द्यायचा असेल तर आधी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी करा, असा नियम आला. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव. घरात कापूस पडून आहे, व्यापारी पाडून मागतो आहे आणि केंद्राची तारीख मिळत नाही, असं शेतकऱ्याच्या मुलानं गावाच्या ग्रुपवर लिहिलं. ग्रुप असतो तो यासाठीच. आणि नेमकं तेच पुसलं गेलं. बाकी सगळं तसंच राहिलं, त्या बाईबद्दलची घाणसुद्धा काही काळ राहिलीच असेल.

त्याच्या बापाला दोष देत नाही. पोराच्या नावापुढं पोलीस केस लागू नये असं कोणत्याही बापाला वाटतं, आणि ही भीती हवेतून आलेली नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्टसाठी अटक झाली होती. मुंबई बंदबद्दल एकीनं लिहिलं होतं, दुसरीनं फक्त लाइक केलं होतं. त्यांच्यावर लावलेल्या कलमांत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ होतं. कोणाला त्रासदायक वाटेल असं काहीही ऑनलाइन लिहिलं तर तुरुंगात टाकता येईल, इतकं ते सैल होतं. त्या अटकेनंतर श्रेया सिंघल या तरुणीनं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी न्यायालयानं ते कलम पूर्ण रद्द केलं. तरीही काही ठाण्यांमध्ये त्याखाली गुन्हे नोंदवले जातच राहिले, म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा बजावावं लागलं की या कलमाखाली कोणावरही खटला चालवू नका. तेव्हा त्या बापाला भेटाल तेव्हा ‘काही होत नाही हो’ असं वरवरचं बोलू नका. हे सगळं सांगा. असा कायदा होता, लोकांनी तो कोर्टात नेला, तो आता नाही, आणि हमीभावाच्या रांगेबद्दल तक्रार करणं हा नागरिकाचा हक्क आहे.

आणि त्या मुलाला पुन्हा लिहायला सांगा. या वेळी नीट लिहू द्या. नोंदणी कोणत्या दिवशी केली, केंद्र कोणतं, अ‍ॅपवर काय दिसतं, त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा आणि आधार व मोबाइल नंबर झाकावा. त्याच्याखाली तशीच अडचण असलेल्या इतरांनी आपली नावं लिहावीत. ती यादी तुमच्याच दुकानात छापा. एक प्रत बाजार समितीच्या सचिवांना, एक तहसीलदारांना द्या आणि पोच घ्या.

आता त्या लाल टिका. हा मेसेज निदान २०२० पासून फिरतो आहे. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या (पीआयबी) फॅक्ट चेकनं तो खोटा असल्याचं तेव्हाच सांगितलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या टिका मेसेज गेला, पोचला, वाचला एवढंच दाखवतात. लाल टिक नावाची गोष्टच नाही. पण अफवा टिकते तेव्हा तिच्या आत बहुतेक वेळा खऱ्याचा एक दाणा असतो, आणि तो लपवला तर लोक पुढच्या वेळी तुमचं ऐकणार नाहीत. इथला दाणा असा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम आणले. न्यायालयानं किंवा अधिकार असलेल्या यंत्रणेनं आदेश दिला तर एखादा मेसेज देशात सर्वांत आधी कोणी पाठवला ते मोठ्या मेसेजिंग कंपन्यांनी सांगितलं पाहिजे, असं त्यात आहे. आपले मेसेज पाठवणारा आणि घेणारा यांच्याशिवाय कोणी वाचू शकत नाही, त्या रचनेत हे बसत नाही, असं म्हणून व्हॉट्सअ‍ॅप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. म्हणजे सरकार आणि कंपनी यांच्यात एक खरा वाद आहे. त्याचा तुमच्या म्हशीच्या मेसेजशी काही संबंध नाही. ‘खोटं आहे, पुढं पाठवू नका’ एवढंच लिहिण्यापेक्षा हे चार वाक्यांत लिहा. लोकांना कळतं. आपल्याकडची माणसं सातबारा वाचतात, विम्याच्या अटी वाचतात, त्यांना हेही कळेल.

तुमच्या स्वतःच्या भीतीबद्दल. अ‍ॅडमिनवर केस होते का, या प्रश्नाचा निकाल आपल्याच नागपूर खंडपीठानं दिलेला आहे, आणि प्रकरणही विदर्भातलंच आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव ठाण्यात २०१६ मध्ये एका अ‍ॅडमिनवर गुन्हा नोंदवला गेला. ग्रुपमधल्या एका सदस्यानं एका महिलेबद्दल अश्लील भाषा वापरली आणि अ‍ॅडमिननं त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, असा आरोप होता. १ मार्च २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं तो गुन्हा रद्द केला. सदस्यानं काय लिहावं हे अ‍ॅडमिन आधी ठरवू शकत नाही. दोघांचा मिळून तसा हेतू होता हे दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या मेसेजसाठी अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. या निकालाची माहिती काकांना द्या, पोलीस पाटलांनाही द्या. तुम्ही सही केलेली नोटीस बहुधा सण किंवा निवडणुकीआधी ठाण्याकडून दिली जाते तशी समज असेल. समज म्हणजे गुन्हा नव्हे. तिची प्रत जपून ठेवा.

पण भाऊ, इथं मला थांबून एक गोष्ट बोलायची आहे. त्या प्रकरणात अ‍ॅडमिन सुटला, ते कायद्यानं बरोबर झालं. जिच्याबद्दल घाण लिहिली गेली ती बाईसुद्धा कोणाच्या तरी गावात राहते. तुमच्या गावातली बाई तर ग्रुप सोडून गेली. बचत गटाची बैठक, बँकेचा कॅम्प, लाडक्या बहिणीची केवायसी, सगळ्या बातम्या ज्या ग्रुपवर येतात तिथून तिला उठून जावं लागलं आणि लिहिणारा अजून तिथंच आहे. तुम्ही काकांचं बोलणं शब्दन् शब्द लिहिलं, तिच्याबद्दल दोन छोट्या वाक्यांत आटोपलं. २०२२ पासून अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो. ती सोय वापरा. असा मेसेज दिसताक्षणी पुसा, लिहिणाऱ्याला काढा, आणि का काढलं ते ग्रुपवर त्याचं नाव घेऊन लिहा. मग त्या दोघींच्या घरी जा. सोबत घरातलं कोणी बाईमाणूस न्या. त्या परत येतील की नाही हे त्यांनी ठरवायचं आहे. तिला तक्रार करायची असेल तर स्क्रीनशॉट तुमच्याकडून मिळाला पाहिजे, तेव्हा पुसण्याआधी तो घेऊन ठेवा.

गुरुजींच्या कुलपाचा, म्हणजे फक्त अ‍ॅडमिननं लिहायचं या सोयीचा, उपयोग एका ठिकाणी आहे. गावात मुलं पळवणारी टोळी आली आहे, अमक्या रंगाची गाडी फिरते आहे, अमक्या धर्माच्या लोकांनी अमकं केलं, असा मेसेज आला की त्या क्षणी ते कुलूप लावा आणि ठाण्याला फोन लावा. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. मुलं पळवणारे आले अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाच जीव गेल्यावर. असले मेसेज लिहिणारा आणि पुढं ढकलणारा यांच्यासाठी भारतीय न्याय संहितेत १९६ आणि ३५३ ही कलमं आहेत आणि ती कडक आहेत. गावाला कायद्याची भीती वाटायची असेल तर इथं वाटू द्या. सकाळी परिस्थिती निवळली की कुलूप काढा.

काकांकडे वळते. त्यांच्या रागामागं काय असेल याचा अंदाज मला येतो, कारण आपल्या भागात ‘नवीन नियम आला’ या बातमीचा अनुभव लोकांनी अंगावर घेतलेला आहे. २०१७ च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्ज आणि अंगठा सक्तीचा झाला तेव्हा सेवा केंद्रांसमोर म्हातारे नवरा-बायको रात्री-रात्री रांगेत बसले होते. बोटांचे ठसे उमटत नव्हते, सर्व्हर चालत नव्हता. त्यानंतर फार्मर आयडी, ई-पीक पाहणी, केवायसी, आता कापसासाठी अ‍ॅप. नियम म्हणजे रांग, आणि रांगेत आपण चुकलो तर पैसा जातो, हे ज्याला माहीत आहे तो माणूस बातमी ऐकून आधी दार लावून घेतो. तुम्ही त्यांना अडाणी समजता असं पत्रात कुठं दिसलं नाही, त्याचं मला बरं वाटलं. पण समजावताना कायदा नको. त्यांच्या स्वतःच्या फोनपासून सुरू करा.

काकांच्या व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर चालू आहे का, ते बघा. जुलै २०२४ मध्ये रिचार्ज महागले तेव्हापासून कित्येक घरांत एकाच फोनला रिचार्ज मारतात आणि बाकीचे हॉटस्पॉटवर चालतात. म्हाताऱ्यांचा नंबर रिचार्जअभावी बंद पडलेला असतो, व्हॉट्सअ‍ॅप मात्र त्या मेलेल्या नंबरावर चालू असतं. ‘सिम काढलं की व्हॉट्सअ‍ॅप बंद’ ही बातमी नेमकी अशा घरांची आहे. २८ नोव्हेंबर २०२५ ला दूरसंचार विभागानं व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल अशा अ‍ॅपना निर्देश दिला की ज्या सिमवर खातं उघडलं ते सिम त्या फोनमध्ये असलं तरच अ‍ॅप चालावं. कंपन्यांना त्यासाठी ९० दिवसांची मुदत दिली होती. कारण असं दिलं की परदेशात बसलेले ठग भारतीय नंबरावरून फसवणूक करतात आणि सिम त्यांच्याजवळ नसतंच. कारण खरं आहे. पण त्याचा भार काकांसारख्यांवर येतो, हेही खरं आहे. तेव्हा तो नंबर चालू करून द्या, किंवा चालू असलेल्या नंबरावर खातं बदलून द्या. बंद पडलेला नंबर कंपनी पुढं दुसऱ्याला देते, आणि तोच नंबर बँकेत जोडलेला असेल तर ओटीपी त्या दुसऱ्याकडं जातो. हे काम तुम्ही त्यांच्या ओट्यावर बसून करा. बोलणं तिथून सुरू होईल असं मला वाटतं.

दुसरी एक गोष्ट ग्रुपवर पुन्हा पुन्हा सांगत राहा. बातमी आली की तिच्या मागोमाग तिच्याच नावानं ठगाची लिंक येते. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली आणि लगेच खोटी संकेतस्थळं निघाली. पीएम किसानच्या नावानं एपीके फाइल, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल, येते, लग्नपत्रिकेच्या नावानं येते, गाडीच्या चलानच्या नावानं येते. सिमची बातमी आली की ‘तुमचं सिम आज रात्री बंद होणार, ही फाइल टाका’ येणारच. घाबरलेला माणूस थांबत नाही, बोट लावून मोकळा होतो. म्हणून ग्रुपवर भीती वाढवणारा प्रत्येक मेसेज ठगाचं अर्धं काम करून देतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल कोणीही, कधीही उघडायची नाही. पैसे गेले तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन करायचा, लाज वाटली तरी करायचा. लवकर कळवलं तर पैसे पुढं सरकण्याआधी खातं गोठवता येतं. आणि फोनवर कोणी पोलीस बनून ‘डिजिटल अटक’ सांगितली तर फोन कापायचा. अशी अटक भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही.

ग्रुपपेक्षा जास्त काळजी मला तुमच्या दुकानातल्या कॉम्प्युटरची वाटते. लोक आधार, पासबुक, सातबारा तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, तुम्ही व्हॉट्सअ‍ॅप वेबवरून छापता. त्या फाइल कुठं राहतात? डाउनलोडच्या फोल्डरमध्ये अख्ख्या गावाची ओळखपत्रं पडलेली असतील. २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेले त्याचे नियम यांचा रोख अशाच माहितीवर आहे. मुख्य जबाबदाऱ्या नियम आल्यापासून १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू व्हायच्या आहेत. २५० कोटींच्या दंडाचा जो आकडा ग्रुपवर फिरतो तो कमाल दंडाचा आहे, त्यानं तुमची झोप उडायला नको. पण कायद्याची वाट कशाला बघायची? काम झालं की फाइल पुसा, रिसायकल बिन रिकामा करा, दुकान बंद करताना व्हॉट्सअ‍ॅप वेबमधून बाहेर पडा. जिथं चालतं तिथं फक्त शेवटचे चार आकडे दिसणारं मास्क्ड आधार काढून द्या. तुमच्यावर विश्वास ठेवून माणसं कागद देतात. लाल टिकांपेक्षा हा धोका कितीतरी खरा आहे आणि त्यावर कोणीच मेसेज पाठवत नाही.

रमीचं लवकर आटोपते. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद केले. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. हे स्पष्ट लिहा, कारण ‘पकडतील’ या भीतीनं पोरं झालेलं कर्ज घरी लपवत असतील, आणि लपवलेल्या कर्जाचं आपल्या जिल्ह्यात काय होतं ते तुम्ही आणि मी दोघंही जाणतो. ज्याचे पैसे बुडाले त्यानं घरात सांगावं. नाहीच सांगवलं तर तुमच्याजवळ तरी सांगावं, असं लिहा.

उरला तो राग. ‘फोनमध्ये सरकारी अ‍ॅप टाकणार’ यावर तुमच्या ग्रुपवर लोक भडकले, देशभर भडकले. संचार साथी अ‍ॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच टाकून द्या असा आदेश कंपन्यांना गेल्याचं डिसेंबर २०२५ च्या सुरुवातीला बाहेर आलं. ३ डिसेंबरला सरकारनं ती सक्ती मागं घेतली. लोक बोलले म्हणून मागं घेतली. (अ‍ॅपची सक्ती वाईट होती, पण संचार साथीच्या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघता येतं, हरवलेला फोन बंद करता येतो. ते मात्र गावाला जरूर शिकवा.) त्याआधी २०१५ मध्ये काही संकेतस्थळं फुकट आणि बाकीची विकत अशी इंटरनेटची वाटणी करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा दहा लाखांहून जास्त लोकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, ईमेल पाठवले. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायनं अशा वेगवेगळ्या दरांवर बंदी घातली. आज तुम्ही सरकारी पोर्टल उघडा की गावच्या पोराचा यूट्यूब चॅनल, डेटा त्याच भावानं लागतो, त्यात त्या ईमेलांचा वाटा आहे. त्या लोकांनी राग आपापसात संपवला नाही. ट्रायनं लोकांचं मत मागवलं होतं, त्याच पत्त्यावर तो पाठवला.

तुमच्या गावालाही हे करता येतं, आणि कसं करायचं ते विदर्भानंच देशाला दाखवलं आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात आधी अभ्यासगट बसतो, विषय समजून घेतो, मग ग्रामसभा सर्वांच्या संमतीनं ठरवते. अशाच अभ्यासातून त्या गावानं २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. गुरुजी, त्या दोघींपैकी येईल ती, तो कापसाच्या तारखेवाला मुलगा आणि तुम्ही, असे चार जण महिन्यातून एकदा तुमच्या दुकानात बसा. त्या महिन्यात जो नियम गाजला तो मुळातून वाचा. बरेचसे मसुदे मंत्रालय लोकांच्या मतांसाठी जाहीर करतं. वाचताना एकच प्रश्न विचारा: हा आपल्या गावात नेमका कोणाला लागतो? सिमच्या निर्देशात आणखी एक गोष्ट आहे, व्हॉट्सअ‍ॅप वेब दर सहा तासांनी आपोआप बंद व्हावं. शहरातल्या ऑफिसात ते पुन्हा चालू करायला एक मिनिट लागेल. तुमच्या दुकानात, लाइन गेलेली, नेटवर्क नाही, बाहेर फॉर्मची शेवटची तारीख म्हणून रांग, तेव्हा काय होतं ते दिल्लीत कोणाला माहीत असणार? एका रिचार्जवर चालणाऱ्या घरांची गोष्ट तिथं कोण सांगणार? पुढच्या ग्रामसभेत हे मांडा, ठराव करा, ग्रामसेवकांच्या सहीशिक्क्यानं दूरसंचार विभागाला पाठवा आणि एक प्रत खासदारांना द्या. काकांना बोलायला सांगा. त्यांचा नंबर बंद पडलेला निघाला, तर ते त्यांच्या तोंडून आलेलं बरं.

आणि मुलगी. ऑस्ट्रेलियाचा कायदा १० डिसेंबर २०२५ पासून लागू झाला, सोळा वर्षांखालच्या मुलांना तिथं सोशल मीडियाची खाती ठेवता येत नाहीत. तो कायदा त्या देशातला आहे, आणि तिथंही दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा आईबापांना नाही, हे तिला सांगा. आपल्या डेटा कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला आईवडिलांची संमती लागेल, आणि मुलांचा माग काढून जाहिराती दाखवायला मनाई असेल. पण ती कायद्याबद्दल विचारते आहे, असं मला वाटत नाही. तिला तुमच्या मनात काय आहे ते जाणून घ्यायचं आहे. तिचं खातं प्रायव्हेट आहे का ते दोघं मिळून बघा. अनोळखी माणसानं मेसेज केला, फोटो मागितला, धमकी दिली, तर तुझा फोन काढून घेणार नाही, तू आधी माझ्याकडं ये, असं तिला स्पष्ट शब्दांत सांगा. फोन जाईल या भीतीनंच मुली गप्प राहतात आणि धमकावणाऱ्याला तेच हवं असतं. बचत गटाच्या बाईबद्दल ग्रुपवर जे झालं ते तिच्याही कानावर गेलं असेल. तुम्ही काय केलंत हे ती बघते आहे, तेव्हा ते काम आजच करा.